फ्रान्सच्या खेड्यात 'जीत' बुक करताना

फ्रान्सच्या ग्रामीण भागात स्वयंपाकघरासकट भाड्याने मिळणाऱ्या घराला 'जीत' म्हणतात. पैसे पाठवण्याआधी करारात एक शब्द नक्की शोधा: आगाऊ रकमेला 'आर' म्हटलंय की 'आकोंत'? आपल्या लेखी दोन्ही म्हणजे इसारच, पण फरक मोठा आहे. 'आर' असेल तर तुम्ही बुकिंग रद्द केल्यावर फक्त तेवढी रक्कम जाते. मालकाने रद्द केलं तर त्याने दुप्पट परत करायची असते. 'आकोंत' असेल तर व्यवहार पक्का झाला. मग माघार घेतली तर पूर्ण भाडंही मागितलं जाऊ शकतं. व्हिसा अजून हातात नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: 'आर' असलेलंच घर घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये बरीच घरं शनिवार ते शनिवार अशीच मिळतात, म्हणून विमानाची तिकिटं नंतर काढा. चादरी, टॉवेल आणि निघतानाची साफसफाई भाड्यात धरली आहे का, हे लेखी विचारून घ्या. पुष्कळदा त्याचे पैसे वेगळे पडतात.

गाडी हवीच. रविवारी दुपारनंतर खेड्यातली दुकानं बहुधा बंद असतात. शनिवारी दुकानं बंद झाल्यावर पोहोचणार असाल तर पहिल्या रात्रीच्या खिचडीपुरते डाळ-तांदूळ बॅगेत असू द्या. नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागात उतरलात तर सार्ला गावचा बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी भरतो. तिथले अक्रोड आणि बकरीच्या दुधाच्या चीजच्या छोट्या चकत्या जरूर घ्या.