घर सजवायला घेण्याआधीचं वाचन

वाचनाची तयारी मेजरिंग टेपपासून सुरू करा, पुस्तकं नंतर. सजावटीची पुस्तकं चाळताना भल्याभल्यांना भूल पडते आणि पान उलटेपर्यंत आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत भलाथोरला सोफा मनातल्या मनात बसलेलाही असतो. म्हणून आधी प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजून चौकटीच्या कागदावर उतरवा. 1 मीटरला 2 सेंटिमीटर हे प्रमाण घेतलं तर अख्खी खोली वहीच्या पानात मावते. दारं कुठल्या बाजूला उघडतात, खिडकी जमिनीपासून किती उंचीवर सुरू होते, प्लगपॉइंट नेमके कुठे आहेत, हे त्यात आलंच पाहिजे. जिन्याची आणि मुख्य दाराची रुंदीही लिहा. कपाट खोलीत मावतं पण जिन्याच्या वळणावर अडतं, हा प्रकार मी पाहिलेला आहे, आणि त्या वेळी कपाटाचं खालचं टोक माझ्याच हातात होतं.

मग एक तक्रारवही घाला. आठवडाभर घरात वावरताना जे जे खुपतं ते त्यात जाऊ दे. कुठे गुडघा आपटतो, चार्जरची वायर कुठून कुठे ताणावी लागते, भर दुपारी कुठल्या कोपऱ्यात दिवा लावावा लागतो. आणि ती एक खुर्ची, जिच्यावर बसायला कधी मिळतच नाही, कारण धुवायला टाकावेत इतके मळलेले नाहीत आणि कपाटात ठेवावेत इतके स्वच्छही नाहीत असे कपडे तिथे पडलेले असतात. ‘हॉल कसातरीच दिसतो’ असलं मोघम लिहू नका, त्याला कुठल्याच पुस्तकात उत्तर नसतं. ‘रात्री वाचायला बसलं की माझ्याच डोक्याची सावली पानावर पडते’ असं लिहिलंत तर उत्तर सापडतं, तेही अर्ध्या पानात.

घराच्या दिशा आणि उजेड यांचीही नोंद हवी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी एकाच जागी उभं राहून खोलीचा एकेक फोटो काढला की काम भागतं. पुढे पुस्तक हातात आलं की लेखक कुठे बसून लिहितोय ते आधी पाहा. युरोपातल्या पुस्तकात दक्षिणेची खिडकी म्हणजे भरपूर ऊन, तर ऑस्ट्रेलियातल्या पुस्तकात तेच काम उत्तरेची खिडकी करते. थंडीने गारठलेला लेखक ऊन घरात कसं ओढायचं ते सांगतो. तुमची तक्रार उकाड्याची असेल तर तो सल्ला उलटा करून वाचायचा.

आता वाचनालय. ड्युई दशांश पद्धतीने, म्हणजे विषयाला आकडा देऊन, पुस्तकं लावलेली असतील तर अंतर्गत सजावट 747 या क्रमांकाखाली मिळेल, आणि बहुतेक लोक तिथूनच परततात. तुम्ही परतू नका. घराच्या दुरुस्तीची आणि फेरबदलांची पुस्तकं 643.7 ला असतात, लाकूडकाम 684 च्या आसपास, रंगकाम 698 ला. चित्रांचं एक, दुरुस्तीचं एक आणि ज्यात चित्रांपेक्षा मजकुरावर भर आहे असं एक, एवढी तीन घेतली तरी महिनाभराची सोय झाली. मासिकं जुनी मिळाली तर उत्तमच. दहा वर्षांपूर्वीचा अंक चाळला की त्या वेळची फॅशन कुठली आणि आजही बरं दिसतंय ते कुठलं, हे आपसूक वेगळं होतं.

चित्रं वाचायची असतात, नुसती बघायची नसतात. यासाठी चिकटचिठ्ठ्या आणि पेन्सिल जवळ ठेवा. फोटोत उजेड कुठून येतोय ते शोधा. कडेला ठेवलेला गोल दिवा अंड्यासारखा लांबट दिसत असेल तर फोटो वाइड-अँगल, म्हणजे जास्त रुंद दृश्य पकडणाऱ्या लेन्सचा आहे आणि खोली दिसते त्याहून लहान आहे असं समजा. मग वायरी शोधा. टेबलावर दिवा आहे, पण त्याची वायर कुठेच नाही. कचऱ्याचा डबा नाही, चपला नाहीत, झाडूही नाही. जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांच्या 1933 च्या ‘इन प्रेज ऑफ शॅडोज’ या निबंधाची सुरुवातच मुळी घर बांधताना विजेच्या तारा, गॅस आणि पाण्याचे पाइप लपवण्याच्या कटकटीने होते. सौंदर्याबद्दल लिहायला बसलेला माणूस आधी वायरींचं रडगाणं गातो, म्हणून मला त्याचा भरवसा वाटतो.

चिकटचिठ्ठी लावली की तिच्यावर एक वाक्य लिहायचं: हे मला का आवडलं? ‘छान आहे’ चालणार नाही. मी पहिल्यांदा हा नियम स्वतःला लावला तेव्हा चाळीसेक चिठ्ठ्या होत्या. कारण सापडेना म्हणून एकेक काढत गेलो आणि शेवटी अकरा उरल्या. त्या ओळीने मांडल्या तर गंमतच. एकीत निळी भिंत, एकीत पांढरी, एकीत उघड्या विटा, फर्निचर तर कशाचंच कशाशी जुळत नव्हतं. पण अकरापैकी नऊ फोटोंमध्ये खिडकीला लागून बसायची जागा होती. मी तीन महिने निळ्या रंगाच्या छटा गोळा करत होतो आणि मला हवी होती खिडकीपाशी एक बैठक. माझ्या खिडकीपाशी तेव्हा इस्त्रीचं टेबल होतं.

मजकुरावर भर देणाऱ्या पुस्तकाची शिफारस मी याचसाठी करतो. वास्तुविशारद क्रिस्टोफर अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांचं ‘अ पॅटर्न लँग्वेज’ 1977 साली निघालं. त्यात घरापासून गावापर्यंतच्या 253 रचना आहेत आणि प्रत्येकीमागचं कारणही दिलेलं आहे. खोलीला दोन बाजूंनी उजेड असावा. सहा फुटांहून कमी खोल बाल्कनी फारशी वापरली जात नाही, अशी विधानं. सगळी पटतीलच असं नाही, काही तर मला हट्टी वाटतात. पण कारण लिहिलेलं असलं की वाद घालता येतो. फोटोशी वाद घालता येत नाही.

कथा-कादंबऱ्याही या यादीत हव्यात. चांगला कादंबरीकार खोलीतल्या दोनच वस्तू सांगतो आणि तिथे कोण राहतं ते आपल्याला कळतं. वाचताना एखाद्या खोलीत मुक्काम करावासा वाटला तर ते पान टिपून ठेवा.

पुस्तकात मापं येतील ती लगेच आपल्या एककात करून घ्या. 1 इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर. सोफा आणि समोरचं टेबल यांत साधारण 40 ते 45 सेंटिमीटर, ये-जा करायच्या वाटेला 90, कपड्यांचं कपाट 60 खोल, हे आकडे बऱ्याच ठिकाणी भेटतील. आकडा वाचून समाधान मानू नका. जुनी वर्तमानपत्रं त्या मापाची जोडून जमिनीवर अंथरा आणि दोन दिवस त्यांना वळसा घालून चाला. ज्याचा पाय वारंवार कागदावर पडतो त्याला विचारून मगच पुढे जा.

रंगाचं पान मात्र पुरावा म्हणून धरू नका. छपाईची शाई वेगळी, कागद वेगळा, भिंतीचा पोत वेगळा. शिवाय शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला दिसतो. चित्रकार आणि कलाशिक्षक जोसेफ अल्बर्स यांनी ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ या 1963 च्या पुस्तकात हेच प्रयोगांनी दाखवलं. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात रंग द्या, तो भिंतीला टेकवा, सकाळी बघा आणि रात्री दिव्यातही बघा. दिव्याच्या खोक्यावर 2700 केल्विन असेल तर उजेड पिवळसर, 6500 असेल तर निळसर पांढरा. त्याच राखाडी पुठ्ठ्याने मला एका दिव्याखाली चहाची आणि दुसऱ्याखाली सिमेंटची आठवण करून दिली आहे.

दुरुस्तीच्या पुस्तकातलं ओलीचं प्रकरण कंटाळवाणं असतं, तेच आधी वाचा. गळती, मग वायरिंग, मग प्लास्टर, आणि रंग सगळ्यात शेवटी; हा क्रम चुकला की नवा रंग पोपडे धरून खाली येतो. प्रकाशनवर्षही बघून घ्या. जुन्या पुस्तकातला खुर्चीचा आकार आजही चालतो, वायरिंगचा सल्ला चालत नाही. घर जुनं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासायला सांगणारं पान ओलांडून पुढे जा आणि घासण्याआधी रंग तपासून घ्या.

एवढं झाल्यावर तक्रारवही आणि उरलेल्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवा. ज्या तक्रारीसमोर चिठ्ठी आहे, ते काम आधी. माझं पहिलं काम एका दुपारी उरकलं: इस्त्रीचं टेबल दाराआड गेलं आणि त्या जागी कपड्यांची खुर्ची आली. कपडे अजून तिच्यावरच असतात, पण आता ते उचलून बाजूला ठेवावेसे वाटतात.