मधुमेही मांजर जेवत नसेल तर: पहिल्या आठवड्यात काय करायचं

रिपोर्टमध्ये साखर साडेचारशेच्या पुढे आलेली असते. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा एक युनिट इन्सुलिन लिहून दिलेलं असतं. तुम्ही घरी येऊन वाटी भरता आणि मांजर जवळ येतं, वास घेतं, तोंड फिरवून निघून जातं. तिथून पुढचे चार-पाच दिवस कसे काढायचे, एवढंच मी इथे सांगणार आहे. इंजेक्शन टोचणं अवघड नाही, दोन दिवसांत हात बसतो. अवघड आहे ते न खाणाऱ्या मांजराला इन्सुलिन देणं, आणि नेमक्या त्याच बाबतीत लोक सर्वांत चुकीचे सल्ले देतात.

गेल्या अकरा वर्षांत माझ्या हाताखालून चार मधुमेही मांजरं गेली. पहिला आमचा ढब्बू, सात किलोचा बोका. त्याच्या वेळी मी जे चुकले त्याची किंमत त्याने मोजली, म्हणून पुढचं सगळं ठासून लिहिते आहे.

सामान

इन्सुलिन, सिरिंज, ग्लुकोमीटर, लघवीतले कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागलं की तयार होणारे पदार्थ) तपासायच्या पट्ट्या, स्वयंपाकघरातला वजनकाटा, मध किंवा ग्लुकोज पावडर. पट्ट्या माणसांच्याच असतात, कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळतात. इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही.

सिरिंजबद्दल मात्र थांबून वाचा. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंजा दोन प्रकारच्या मिळतात: लाल टोपणाची 40 युनिटची आणि केशरी टोपणाची 100 युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरला तेवढी युनिटं धरून आखलेली. माणसांची साधी इन्सुलिनची बाटली बहुतेकदा 40 ची असते, म्हणून मेडिकलवाला सवयीने लाल टोपणाचीच पुढे करतो. मांजरांना बऱ्याचदा ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन देतात आणि ते 100 चं असतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरलं, तर एक युनिट नाही, अडीच युनिट जातं. न जेवलेल्या मांजराला अडीचपट डोस म्हणजे जिवाशी गाठ आहे. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळल्याशिवाय सुई आत घालू नका.

चोवीस तासांची मुदत

निरोगी मांजराने एक दिवस खाल्लं नाही तर वाट बघता येते. नुकत्याच मधुमेह निघालेल्या मांजराच्या बाबतीत चोवीस तास ही शेवटची मर्यादा धरा. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृतात साठायला लागते आणि कानाच्या आतली त्वचा, हिरड्या पिवळ्या दिसू लागतात. हे मधुमेहाच्या वर आलेलं दुसरं दुखणं असतं. «भूक लागली की खाईल» हे वाक्य या मांजराला लागू नाही.

उलट्या, मान खाली पडलेली, भरभर श्वास, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास, यांतलं एक जरी दिसलं तरी चोवीस तासही थांबायचं नाही. रात्री-अपरात्री कुठे जायचं ते आजच फोन करून विचारून ठेवा. मुंबईत परळचं बैलघोड्याचं हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, पुण्या-साताऱ्याच्या मध्ये शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांच्या आणि तुमच्या जवळच्या दवाखान्याच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा.

आधी मळमळ थांबवा, मग भूक बघा

मांजर खात नाही याचा अर्थ ते रुसलंय, असा बहुतेक जण काढतात. मग वाट्या बदलतात, चार प्रकारची पाकिटं फोडतात, लाडीगोडी लावतात. मीही तेच केलं. ढब्बू वाटीपाशी यायचा, नाक खाली न्यायचा, दोनदा ओठ चाटायचा, काहीतरी गिळल्यासारखा घसा हलवायचा आणि मागे सरकायचा. ते ओठ चाटणं मला भुकेचं वाटलं. ती मळमळ होती. आता कुठल्याही घरी मी आधी तेच पाहते: वाटीकडे येतंय पण तोंड लावत नाहीये, ओठ चाटतंय, लाळ गळतेय, पाय पोटाखाली घेऊन कुबड काढून बसलंय. अशा मांजराला भूक वाढवायची गोळी देण्याआधी उलटी थांबवणारं औषध लागतं. डॉक्टर मॅरोपिटंट किंवा ऑन्डॅनसेट्रॉन देतात. त्यांना स्पष्ट सांगा, «खात नाही एवढंच नाही, मळमळतंय असं दिसतंय.» या एका वाक्याने उपचार बदलतो.

मळमळ कशामुळे आहे हे शोधणंही तेवढंच महत्त्वाचं. मधुमेही मांजरांत स्वादुपिंडाला सूज असणं नेहमीचं आहे. लघवीच्या मार्गातला संसर्ग, सडलेला दात, मूत्रपिंडाचं दुखणं, शरीरातलं कमी झालेलं पाणी आणि पोटॅशियम, यांपैकी काहीही असू शकतं. रक्त पुन्हा तपासायला सांगितलं तर खर्चाकडे बघून टाळू नका. सलाइन कातडीखाली दिलं की कितीतरी मांजरं त्याच संध्याकाळी वाटीकडे वळतात.

मळमळ थांबली तरी खात नसेल, तर मिर्टाझापिन, म्हणजे भूक वाढवायची गोळी. मांजराचा डोस साधारण 2 मिलिग्रॅम असतो आणि माणसांची गोळी साडेसात किंवा पंधराची मिळते, तेव्हा नखाने अंदाजे तुकडा पाडणं बंद करा. डोस जास्त झाला तर मांजर रात्रभर ओरडत, थरथरत फिरतं. किती द्यायची, किती दिवसांनी द्यायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. भूक लागावी म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन कोणी सुचवलं, तर मधुमेहाची आठवण करून द्या, स्टेरॉइडने साखर चढते. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटॅमॉल कधीच नाही, ते मांजराला विष आहे.

इन्सुलिन द्यायचं की नाही

मी इथेच चुकले. ढब्बूने दुसऱ्या दिवशी काही खाल्लं नाही, तेव्हा एका दवाखान्यात फोन केला. उत्तर मिळालं, «खात नाही ना, मग इन्सुलिन देऊ नका, खायला लागला की सुरू करा.» ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं, कारण उपाशीपोटी इन्सुलिनने साखर पडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी पाच डोस चुकवले. तिसऱ्या रात्री दोन वाजता तो बाथरूमच्या गार फरशीवर पसरलेला होता. कशीबशी मिळालेली लघवी पट्टीवर टाकली आणि फिकट चौकोन बघता बघता गडद जांभळा झाला. पुढचे चार दिवस तो ड्रिपवर होता.

झालं असं होतं: इन्सुलिन नाही म्हणून शरीराला साखर वापरता येत नाही, मग शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात, कीटोनने मळमळतं, मळमळल्यामुळे मांजर खात नाही, आणि खात नाही म्हणून आपण इन्सुलिन देत नाही. हे चक्र फक्त इन्सुलिननेच तुटतं. म्हणून माझं ठाम मत आहे की नुसती वाटी बघून इन्सुलिन थांबवू नये. वाटीबरोबर साखरेचा आकडा आणि कीटोनची पट्टी हवी.

साखर कानाच्या कडेवरून घ्या. पायमोज्यात तांदूळ भरून किंचित गरम करा, कानाला मिनिटभर लावा, कडेला व्हॅसलीनचं बोट फिरवा म्हणजे रक्त केसांत न पसरता थेंब धरतो. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतं. तरी चालेल, रोज तेच मशीन वापरा आणि डॉक्टरांना ते सांगून ठेवा. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने चढते, त्यामुळे घरचा आकडा जास्त उपयोगी पडतो. लघवीसाठी मी जुना लांब दांड्याचा डाव वापरते. मांजर ट्रेमध्ये बसलं की हळूच मागून खाली धरायचा.

आणि एक कागद डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या. आमच्या आत्ताच्या डॉक्टरांनी दिलेला कागद असा आहे: अर्ध्याहून जास्त खाल्लं तर पूर्ण डोस, अगदी थोडं खाल्लं आणि साखर 250 च्या वर असेल तर अर्धा डोस आणि फोन, साखर 150 च्या खाली आणि पोट रिकामं असेल तर डोस नाही आणि फोन, उलटी किंवा कीटोन असतील तर घरी काही ठरवायचं नाही, उचलायचं आणि यायचं. आकडे ढब्बूसाठी होते, तुमचे तुमच्या डॉक्टरांनी घालायला हवेत. पण असा कागद हातात नसेल, तर रात्री आठ वाजता सिरिंज हातात धरून तुम्ही रडत बसाल. सलग दोन डोस डॉक्टरांना न विचारता चुकवायचे नाहीत, हा माझा घरचा नियम आहे.

अलीकडे मधुमेही मांजरांसाठी तोंडाने द्यायची औषधंही आली आहेत. अमेरिकेत 2022 मध्ये गोळीला आणि 2023 मध्ये द्रव औषधाला मान्यता मिळाली. इंजेक्शन टळेल म्हणून जीव हुरळतो. पण ती न जेवणाऱ्या, उलट्या करणाऱ्या मांजरासाठी नाहीत. ती देऊन साखर चांगली दिसत असतानाही कीटोन चढू शकतात. परदेशातून मागवायच्या भानगडीत पडू नका.

काय द्यायचं, कसं द्यायचं

या आठवड्यात खाणं बदलायचं नाही. मधुमेहाला कमी कर्बोदकांचं ओलं खाणं चांगलं, हे खरंच आहे, पण ते पुढच्या महिन्यासाठी. आज तुमचं मांजर फक्त जुने कोरडे दाणे खात असेल, तर दाणे द्या. नव्या खाण्याचा हट्ट धरून उपाशी ठेवलेली दोन मांजरं मी दवाखान्यात पोचताना पाहिली आहेत. दूध-भात, दूध-पोळी मात्र नको, आणि बाळांची तांदळाची पेजही नको.

काहीच खात नसेल तर कोंबडीचा उकडलेला तुकडा, नुसत्या पाण्यात, कांदा-लसूण-मिठाशिवाय. घरच्या रश्श्यातला धुऊन दिलेला तुकडासुद्धा नाही, कारण कांद्या-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. खाणं कोमट करा, मनगटाला लागेल इतपत. मांजराला गोड चव कळतच नाही, ते वासावर जेवतं आणि फ्रिजमधल्या गार खाण्याला वास नसतो. माझा हमखास उपाय: चिमूटभर जवळा तव्यावर कोरडा भाजायचा, बोटांनी चुरायचा आणि वर भुरभुरायचा. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर आधी विचारा. सपाट बशी वापरा, एक चमचा वाढा, दहा मिनिटांनी उचला. वाटी दिवसभर नाकासमोर ठेवली की त्या वासाचीच शिसारी बसते.

सिरिंजने जबरदस्ती भरवणं मला मान्य नाही. मळमळणाऱ्या मांजराला धरून कोंबलं की ते त्या खाण्याचा कायमचा धसका घेतं, आणि घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. ढब्बू नंतर डबा उघडल्याचा आवाज आला की पलंगाखाली जायचा. डॉक्टरांनी सांगितलंच असेल तर बाजूने, सुळ्याच्या मागून, एका वेळी एक मिलिलिटर, डोकं वर न उचलता.

नळीला घाबरू नका

तीन दिवसांत गाडी रुळावर आली नाही, तर मानेच्या बाजूने अन्ननलिकेत नळी बसवा. थोडी भूल लागते. «इतकं कशाला, हाल नका करू,» असं घरचे म्हणतात. हाल थांबतात ते नळीनेच. मांजर नळी असताना स्वतःहूनही खाऊ शकतं, औषधं तिच्यातूनच जातात, आणि पोटात किती गेलं हे पक्कं कळत असल्यामुळे इन्सुलिन निर्धास्त देता येतं. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात, पण पहिल्याच दिवशी तेवढ्या ओतू नका. उपाशी शरीराला पाव-एक तृतीयांशपासून सुरुवात करून तीन-चार दिवसांत वाढवायचं असतं. प्रत्येक वेळी खाणं कोमट, गाळलेलं, सावकाश. आधी आणि नंतर थोडं पाणी. ढब्बूची नळी तीन आठवडे होती. सोळाव्या दिवशी मी नळीतून भरवत असतानाच त्याने बाजूच्या बशीतला बांगड्याचा काटे काढलेला तुकडा उचलला.

खायला लागलं की

आता धोका उलट्या बाजूने असतो. सूज उतरली, संसर्ग गेला, पोट भरलं की तेवढ्याच इन्सुलिनने साखर जास्त पडायला लागते. या दोन आठवड्यांत आकडे रोज घ्या. कोरड्या दाण्यांवरून ओल्या खाण्यावर नेताना आधी डॉक्टरांना सांगा, कारण कर्बोदकं घटली की डोसही घटवावा लागतो. हा बदल दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करा.

मांजर झिंगल्यासारखं चाललं, मागचे पाय लटपटले, एकटक बघत राहिलं किंवा आचके आले, तर मशीन शोधत बसू नका. मध किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडर बोटाने हिरड्यांवर चोळा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, फक्त चोळायचं. मग साखर बघा आणि दवाखान्याची वाट धरा. मशीनवर 60 च्या खाली आकडा आला आणि मांजर ठीक दिसत असलं, तरी लगेच खायला घाला, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. पुढचा डोस विचारल्याशिवाय नाही.

असे खालचे आकडे वारंवार येऊ लागले तर घाबरू नका, पण फोन करा. लवकर उपचार मिळालेल्या मांजरांपैकी बऱ्याच जणांचं इन्सुलिन पुढे सुटतं. ढब्बूचं चौथ्या महिन्यात अर्ध्या युनिटवर आलं आणि पाचव्यात बंद झालं. त्यानंतरही दर रविवारी त्याचं वजन आणि महिन्यातून एकदा कानाचा थेंब, हे शेवटपर्यंत चालू होतं.