भातखाचरातला लेप्टो: आधी पाय सांभाळा

लावणी आटोपली की लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या रोगाची, भीती गेली, असं कोकणात अजूनही पुष्कळांना वाटतं. तसं नाही. बेणणीपासून कापणीपर्यंत खाचरात ओल असते, तोवर धोका राहतोच.

लेप्टोचे जंतू उंदीर, गुरं, कुत्री, डुकरं यांच्या मुतातून चिखलात येतात आणि ओल्या मातीत कित्येक आठवडे जगतात. धडधाकट कातडीतून ते सहसा शिरत नाहीत. पण पाच-सहा तास चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाची बोटं फाकवून बघा. बेचक्यातली कातडी पांढरी पडून फुगलेली असते आणि तिच्याखाली लालभडक चीर. याच चिखल्यांतून, टाचेच्या भेगांतून, विळ्याच्या कापातून जंतू आत जातात. डोळे, नाक, तोंड याही वाटा आहेतच, म्हणून खाचरातल्या पाण्याने चूळ भरू नका.

गमबूट घाला, हे सांगणं सोपं आहे. लावणीच्या चिखलात तो रुततो, वरून पाणी शिरलं की पाय दिवसभर त्याच पाण्यात भिजतो. बांधावरचं गवत कापताना, गोठा साफ करताना मात्र गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. चिखलात उतरायचं असेल तर जखमेवर आधी पाणी न शिरणारी पट्टी लावा. ज्याच्या चिखल्या उघड्या पडल्यात त्याला त्या दिवशी बांधावरचं काम द्या. मजुरी कापू नका, नाहीतर तो दुखणं लपवून चिखलात उतरेल. काम सुटल्यावर व्हाळात नव्हे, घरच्या स्वच्छ पाण्याने साबण लावून पाय धुवा आणि बेचकी कोरडी पुसा.

डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक गोळी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्यानेच घ्यावी. मोठ्या माणसाला जोखमीच्या काळात आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ६ आठवडे. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. दुधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतली तर नीट अंगी लागत नाही. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि ८ वर्षांखालची मुलं यांना ती देऊ नये. गोळी घेतली तरी पायांची काळजी सुटत नाही.

उंदरांचा बंदोबस्त एकट्याने करून उपयोग नाही, शेजारच्या मळ्यातले आठवडाभरात तुमच्या बांधात येतात. वाडीने मिळून एकाच दिवशी करा. संध्याकाळी सगळी बिळं बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत. तिथे दोन दिवस नुसतं तेल लावलेलं भरडधान्य ठेवा, म्हणजे उंदीर निर्धास्त होतात. तिसऱ्या दिवशी ९६ भाग भरडधान्य, २ भाग खाद्यतेल, २ भाग झिंक फॉस्फाइड काठीने कालवून बिळागणिक १० ग्रॅम कागदाच्या पुडीत आत सरकवा. उघडीप बघूनच करा: ओल लागली की त्यातून विषारी वायू सुटतो, आमिषही वाया जातं. या विषाला नेमका उतारा नाही. मुलं, कुत्री, कोंबड्या दूर ठेवा. मेलेले उंदीर हातमोजे घालून उचला आणि खोल पुरा.

ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो, कधी महिन्यानेही. डोकं ठणकतं, पोटऱ्या हात लावू देत नाहीत, डोळे लाल होतात पण चिपडं येत नाहीत. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि “मी भातखाचरात काम करतो” हे आपण होऊन सांगा, कारण सुरुवातीला हा ताप फ्लू-डेंग्यूसारखाच दिसतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून खाऊ नका, त्या मूत्रपिंडाला बाधतात. रक्तातली प्रतिपिंडं साधारण ५ ते ७ दिवसांनी दिसतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची तपासणी निगेटिव्ह आली तरी उपचार थांबवू नका. लघवी कमी होणं, डोळे पिवळे पडणं, धाप लागणं किंवा थुंकीत रक्त दिसणं, यातलं एक जरी झालं तरी रात्र काढू नका, १०८ ला फोन करा.