ऑपरेटरचा धडा उरकू नका, माझा अर्धा क्विंटल कांदा त्यात गेला

नाशिकला कॉलेजात असताना मी आधी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा केली आणि मग रस्ट या दुसऱ्या भाषेकडे वळलो, तेव्हा ऑपरेटरचा धडा अर्ध्या तासात उरकला होता, + - * / % यात शिकण्यासारखं काय असणार असं वाटलं. आता अंबडला फर्मवेअरचं (यंत्राच्या आत बसवलेल्या प्रोग्रॅमचं) काम करतोय आणि नवीन पोरं आली की त्यांना सगळ्यात आधी याच धड्यावर बसवतो.

झालं असं, की सरावासाठी म्हणून घरच्या कांद्याच्या हिशोबपट्टीचा प्रोग्रॅम रस्टमध्ये लिहिला. पिंपळगावला ट्रॅक्टर गेला होता, वजन २३५० किलो, भाव क्विंटलला १८०० रुपये. मी लिहिलं वजन / १०० * भाव, उत्तर आलं ४१४००. अण्णांनी तोंडी हिशोब केला, ४२३०० पाहिजेत, आणि म्हणाले "अर्धा क्विंटल कुठं गेला रे?" कोड दहा वेळा वाचला तरी चूक दिसेना. दोन्हीकडे पूर्णांक असले की / पण पूर्णांकच देतो, २३५० / १०० म्हणजे २३, वरचे ५० किलो सोडून दिले, एरर नाही वॉर्निंग नाही. सी या भाषेत पण हेच. पायथनच्या / ने २३.५ दिले असते आणि मला तीच सवय होती.

मग आधी गुणलं आणि नंतर १०० ने भागलं, बरोबर आलं. पण पुढे पैशापर्यंत हिशोब हवा म्हणून भाव १८०००० पैसे केला (रुपये फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्याच्या टाईपमध्ये, ठेवू नका, तिथे ०.१ + ०.२ नेमकं ०.३ होत नाही) आणि दहा ट्रॅक्टरचं मिळून २३५०० किलो टाकलं तर प्रोग्रॅम पॅनिक होऊन बंद. गुणाकार गेला ४२३ कोटीवर आणि मी वापरलेल्या आय-३२ (३२ बिटांचा पूर्णांक) टाईपमध्ये जास्तीत जास्त मावतात २१४७४८३६४७. पॅनिक झालं हे माझं नशीब, कारण तोच कोड रिलीज बिल्डमध्ये (वापरायला द्यायच्या आवृत्तीत) चालवला तर डिफॉल्ट सेटिंगला पॅनिक होत नाही, आकडा गुंडाळला जातो आणि गुणाकार उणे ६४९६७२९६ येतो. सी मध्ये तर साइन्ड (उणे आकडेही घेणाऱ्या) टाईपचा ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा न मावणं, अनडिफाइन्ड आहे, म्हणजे काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही. मी ६४ बिटांचा आय-६४ केला, सुटलं. जिथे आकडा बाहेरून येतो तिथे चेक्ड मल (checked_mul, तपासून गुणणारं फंक्शन) वापरा, मावलं नाही तर नन (None, म्हणजे "उत्तर नाही") मिळतं आणि काय करायचं ते तुम्ही ठरवता. आय-३२ आणि आय-६४ ची थेट बेरीज रस्ट करूच देत नाही, सुरुवातीला फार राग यायचा याचा, आता तेच सगळ्यात आवडतं.

म्हणून पोरांना मी सांगतो की चिन्ह बघायच्या आधी दोन्हीकडचा टाईप बघा, उत्तर कागदावर लिहा आणि मगच रन करा.

% ची मात्र गंमत आहे, अण्णांना पट्टीवर "२३ क्विंटल ५० किलो" असंच छापून हवं होतं, मग / ने २३ आणि % ने, म्हणजे भागाकाराच्या बाकीने, ५०, ज्याने घोळ केला त्यानेच काम केलं. फक्त उणे आकड्याला सांभाळा, -७ % २ रस्ट आणि सी दोन्हीत -१ येतं, पायथनमध्ये १. घड्याळाचे तास मागे मोजताना मी यात अडकलोय, तिथे रेम युक्लिड (rem_euclid, याची बाकी उणे येत नाही) वापरा.

सी वाचायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा, तिथे == (सारखं आहे का) चा नंबर & (बिट जुळवणारं चिन्ह) च्या आधी लागतो, त्यामुळे फ्लॅग & ४ == ० लिहिलं की आधी ४ == ० तपासलं जातं, कंस टाकाच. रस्टमध्ये & आधी. आणि एकाने वाढवायचं ++ शोधत बसू नका, रस्टमध्ये ते नाहीये, += १ लिहायचं.