तंत्रज्ञान शेअरांचा नमुना पोर्टफोलिओ निर्देशांकाशी कसा ताडून पाहावा

नागपूरच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस आणि एचसीएल यांची कार्यालये आहेत, त्यामुळे शहरातील अनेक घरांत पगार माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातून येतो आणि बचतही त्याच क्षेत्राच्या शेअरांत जाते. अशा वेळी प्रत्यक्ष पैसे गुंतवण्याआधी कागदावर एक नमुना पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक शेअरांचा काल्पनिक संच, किमान वर्षभर चालवून निर्देशांकाशी ताडून पाहणे मला अत्यावश्यक वाटते.

प्रथम नियम लिहून ठेवावेत. सुरुवातीची तारीख, रक्कम आणि प्रत्येक कंपनीचा वाटा निश्चित करावा. उदाहरणार्थ, १,००,००० रुपये पाच कंपन्यांत प्रत्येकी २०,००० याप्रमाणे वाटून, त्या दिवसाच्या बंद भावाने भागून शेअरांची संख्या काढावी. नमुन्यात अपूर्णांक चालतात. वाटे पुन्हा समान करायचे असतील, तर त्याच्या तारखाही आधीच ठरवाव्यात. निफ्टी आयटी या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअर निर्देशांकाचा आढावा वर्षातून दोनदा होतो व त्यातील बदल मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस लागू होतात, म्हणून तेच दोन महिने सोयीचे ठरतात.

तुलनेसाठी दोन निर्देशांक घ्यावेत. दहा कंपन्यांच्या निफ्टी आयटीवरून आपली निवड क्षेत्राच्या सरासरीपेक्षा सरस होती का हे कळते, तर विविध क्षेत्रांतील पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निफ्टी ५० वरून हे क्षेत्र निवडणेच योग्य होते का हे कळते. हे प्रश्न वेगळे आहेत आणि ज्याची नोकरीही याच क्षेत्रात आहे त्याने दुसऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण मंदी आली तर पगारवाढ आणि शेअर दोन्ही एकदमच अडचणीत येतात.

सर्वाधिक चुका होतात त्या लाभांशाच्या, म्हणजे कंपनी भागधारकांना देते त्या नफ्याच्या वाट्याच्या, हिशेबात. बातम्यांत दिसणारा निर्देशांक केवळ भावाचा असतो, त्यात लाभांश धरलेला नसतो. तंत्रज्ञान कंपन्या बऱ्यापैकी लाभांश देत असल्याने तो आपल्या बाजूला मिळवून समोर भाव निर्देशांक ठेवला, तर आपण विनाकारण पुढे दिसतो. म्हणून लाभांशही धरणारा एकूण परतावा निर्देशांक, म्हणजेच टीआरआय, वापरावा. त्याचे आकडे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या (एनएसई) निर्देशांकविषयक संकेतस्थळावर मिळतात. बाजार नियामक सेबीनेही फेब्रुवारी २०१८ पासून म्युच्युअल फंडांना टीआरआयशीच तुलना करणे बंधनकारक केले आहे. नमुन्यातही मिळालेला लाभांश त्याच शेअरात पुन्हा गुंतवल्याचे धरावे.

बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) आणि विभाजन (एका शेअरचे अनेक शेअर करणे) यांची नोंद त्याच दिवशी करावी. विप्रोने डिसेंबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला तेव्हा भाव साधारण निम्मा झाला; ज्याने तक्त्यात शेअरांची संख्या दुप्पट केली नाही, त्याला गुंतवणूक अर्धी बुडाल्यासारखे दिसले असेल.

आता तक्त्यातील पोर्टफोलिओ आणि दोन्ही टीआरआयचे स्तंभ १०० या आधारावर आणावेत : आजचे मूल्य भागिले सुरुवातीचे मूल्य, गुणिले १००. पोर्टफोलिओ ११८ आणि टीआरआय ११२ असेल, तर आपण सुरुवातीच्या रकमेच्या ६ टक्क्यांनी पुढे आहोत. मधेच रक्कम वाढवल्यास मात्र हे सूत्र फसवते. त्यासाठी म्युच्युअल फंडांप्रमाणे युनिट, म्हणजे समान हिस्से, धरावेत : आरंभी १० रुपयांचे १०,००० युनिट, पुढे मूल्य १,२०,००० झाले की युनिटचा भाव १२ रुपये, आणि त्या दिवशी २४,००० रुपये घातले तर २,००० नवे युनिट. तुलना युनिटच्या भावाचीच करावी.

प्रत्येक खरेदी-विक्रीवर दलाली आणि ०.१ टक्का रोखे व्यवहार कर वजा करावा, कारण निर्देशांकावर खर्च पडत नसला तरी आपल्यावर पडतो. नोंद दर शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर पुरेशी आहे. परताव्याशेजारी, आतापर्यंतच्या उच्चांकापासून झालेल्या सर्वांत मोठ्या घसरणीचाही स्तंभ असावा. सारख्याच परताव्याचे दोन पोर्टफोलिओ तिथे अगदी वेगळे दिसतात. मधेच एखादा नियम बदलावासा वाटला, तर चालू तक्त्याला हात न लावता नव्या तारखेपासून दुसरा तक्ता सुरू करावा आणि जुनाही ठरलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावा.