परदेशी कामाचा करार: सही करण्यापूर्वी काय पाहावे

गडचिरोलीकडून मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या टोळीला ठेकेदाराचे घर बहुधा ठाऊक असते. आखातातल्या किंवा युरोपातल्या कामात मात्र गावातला मध्यस्थ, मुंबईची एजन्सी, तिकडची मजूर पुरवणारी कंपनी आणि काम करून घेणारा मालक असे चौघे असतात, आणि पगार अडकला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून करार हाती आल्यावर पगाराच्या आकड्याआधी मालक कोण, पगार देणार कोण आणि कामाचे ठिकाण कोणते, हे पाहावे. आमच्याकडच्या एका मुलाने वाचायला आणलेल्या करारात मालकाच्या नावापुढे नुसती टिंबे होती. "नंतर भरू," असे त्याला सांगण्यात आले होते. अशा कागदावर सही करू नये.

भरती करणाऱ्या एजन्सीची १९८३ च्या उत्प्रवास (म्हणजे कामासाठी परदेशी जाण्याविषयीच्या) कायद्याखाली नोंदणी लागते. तिचा क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः शोधावा. एजंटाने मोबाइलवर दाखवलेल्या फोटोवर विसंबू नये. एजन्सीला मजुराकडून ३०,००० रुपये आणि जीएसटी यांहून अधिक शुल्क घेता येत नाही. पैसे एजन्सीच्याच पावतीवर द्यावेत, गावातल्या मध्यस्थाच्या हातात नव्हे.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' (उत्प्रवास तपासणी आवश्यक) असा शेरा असतो, आणि त्यांना आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाण्यासाठी उत्प्रवास परवानगी घ्यावी लागते. "आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो," असे कोणी म्हटले, तर बोलणे तिथेच थांबवावे. कारण ती परवानगी आणि तिच्यासोबतचा प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा अपघात विमा दोन्ही हातचे जातात.

पोलंड, रुमानिया त्या १८ देशांत नाहीत, त्यामुळे तिकडे जाताना हा अडसर नसतो आणि पारखण्याचा भार आपल्यावरच येतो. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार तिकडच्या मजूर पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत आलेल्या कामगाराला पगार, कामाचे तास आणि सुट्ट्या या बाबतींत सर्वसाधारणपणे थेट नेमलेल्या कामगाराइतकेच मिळाले पाहिजे, आणि काम मिळवून दिल्याबद्दल त्या एजन्सीला त्याच्याकडून पैसे घेता येत नाहीत. पोलंडच्या कंपनीने कामासाठी जर्मनीत पाठवले, तर मोबदला तिथल्या नियमांनी ठरतो.

निघताना करार, व्हिसा आणि पावत्यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. तिकडे रोजचे तास आणि साइटचे नाव वहीत लिहावे. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर किंवा दूतावासात तक्रार करताना हीच वही कामी येते.