ईपोल प्रॉक्सीतला मेमरी पूल काढला तेव्हा

आमच्या सी भाषेतल्या प्रॉक्सीत (क्लायंट आणि बॅकएंड सर्व्हर यांच्यात डेटा ने-आण करणारा प्रोग्रॅम) लोड वाढला की एका क्लायंटचा डेटा क्वचित दुसऱ्याच क्लायंटला जायचा. याहून भयंकर बग मला तरी माहीत नाही. प्रत्येक कनेक्शनची माहिती ठेवणाऱ्या स्ट्रक्टसाठी सुरुवातीपासून खास मेमरी पूल (आधीच घेऊन ठेवलेली, पुन्हा पुन्हा वापरायची मेमरी) होता, 'मॅलॉक स्लो असतं' म्हणून. मॅलॉक म्हणजे मेमरी मागायचं सीचं नेहमीचं फंक्शन, फ्री म्हणजे ती परत करायचं. मोजून कुणी पाहिलं नव्हतं.

पूल काढून मी साधं मॅलॉक-फ्री ठेवलं आणि ॲड्रेससॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) लावला. पूलच्या आतलं त्याला दिसत नव्हतं. आता त्याने फ्री केलेली मेमरी वापरली जातेय हे लगेच दाखवलं. ईपोल-वेटमधून (कोणत्या सॉकेटवर काही घडलं ते सांगणारा लिनक्सचा कॉल) बरेच इव्हेंट एकदम येतात. क्लायंटच्या इव्हेंटवर कनेक्शन बंद होऊन स्ट्रक्ट फ्री व्हायचा, पण त्याच जोडीतल्या बॅकएंड सॉकेटचा इव्हेंट त्याच बॅचमध्ये अजून बाकी असायचा. मधेच नवीन कनेक्शन आलं की पूल तोच स्ट्रक्ट त्याला द्यायचा. मग तो बाकी इव्हेंट नव्या क्लायंटच्या स्ट्रक्टवर चालायचा आणि जुन्याचा डेटा त्याला जायचा.

उपाय छोटा आहे: बंद झालेली कनेक्शन्स वेगळ्या यादीत टाकायची, अख्खी बॅच संपल्यावरच फ्री करायची. पूल परत आणला नाही. लिनक्सवरची सीची नेहमीची लायब्ररी जीलिबसी, तिच्यात २.२६ पासून (२०१७) प्रत्येक थ्रेडला स्वतःचा कॅश असतो, त्यामुळे छोटी मॅलॉक स्वस्त पडतात. पर्फमध्ये (वेळ कुठे जातो ते मोजणारं लिनक्सचं टूल) खरा वेळ दर मेसेजमागच्या राइट कॉलमध्ये जाताना दिसला. तिथे राइटव्ही वापरलं, म्हणजे बरेच तुकडे एकाच कॉलमध्ये लिहिता येतात.